चार वर्षांची फी एकरकमी

चिकूची बाग बघायला गेलं की मालक आपल्याला रस्त्याकडच्या ओळींतून फिरवतो. तिथे पाणी नीट पोचलेलं असतं, फांद्या फळांनी वाकलेल्या असतात. मी त्याचं सगळं ऐकून घेतो, चहा पितो, आणि मग लघवीचं निमित्त करून मागच्या कुंपणाकडे जातो. बागेचा खरा भाव तिथे कळतो. खाली पडलेलं फळ उचलायचं आणि फोडायचं. बी पोखरणारी अळी लागलेली असेल तर वरून फळ टणक, तपकिरी, बाजारात मांडावं असं दिसतं, आणि आत बियांच्या जागी काळा भुगा असतो.

डहाणूपासून बोर्डीपर्यंतच्या पट्ट्यात मी वीसेक वर्षं असंच झाडावरचं फळ विकत घेत आलो. एकाही मालकाने मला फसवलं नाही. प्रयत्न सगळ्यांनी केला.

दहावीनंतर मी दुसऱ्याच्या वखारीत फळ धुवायला लागलो होतो. चिकाने बोटं इतकी काळी व्हायची की लग्नात जेवायला बसलो तर शेजारचा माणूस पान सरकवून घ्यायचा. तिथून निवड करायला शिकलो, मग तोडणी, मग भाव. स्वतःची वखार टाकली आणि पुढे बोर्डीच्या बाजूला दोन एकराची जुनी बाग घेतली. सौदा करताना मालक वैतागून उठून जायचा, मी ओट्यावर बसून राहायचो. शेवटी त्याच्या बायकोनेच त्याला सांगितलं, ह्याला देऊन टाका, नाहीतर हा इथेच राहायला येईल.

मुलगी बारावी झाली त्या वर्षी ही बाग चांगल्या भरात होती.

मुलीला एका सरकारी कॉलेजात जागा मिळत होती. पण ते कॉलेज लांब, मराठवाड्यात, आणि शाखा सिव्हिलची. तिला कॉम्प्युटर हवा होता. तलासरीहून राज्याच्या हद्दीकडे निघालं की हायवेच्या दोन्ही अंगांना मोठमोठे फलक लागतात. काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेली मुलं त्यांवर हसत असतात, आणि खाली पगाराचे आकडे. त्यातल्याच एका खासगी विद्यापीठाची माहिती ती मोबाइलवर काढून बसली होती. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल मिळून जो आकडा होत होता, तेवढ्यात मी दुसरी वखार टाकली असती.

"आधी बघू," मी म्हणालो. "बघितल्याशिवाय मी नारळसुद्धा घेत नाही."

आम्ही दोघं गेलो. हद्द ओलांडून गाडीने अडीच तासांवर, हायवेला लागूनच आवार. पुढे कारंजं, काचेची इमारत, आत गारेगार. प्रवेशाचं बघणारा साहेब पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. मराठी बोलायचा, पण मध्येच गुजरातीत शिरायचा. त्याने आम्हाला फोटोंच्या भिंतीपुढे उभं केलं.

"आ जुओ अंकल, आपला मुलगा. अठरा लाखांचं पॅकेज."

"सगळ्यात कमी कोणाला मिळालं?"

"म्हणजे?"

"ह्याच्याच वर्गात सगळ्यात कमी पगार ज्याला मिळाला, त्याचा फोटो कुठे आहे?"

तो हसला. मुलीने माझी बाही ओढली. "पप्पा, प्लीज."

"अंकल, तुम्ही बिझनेसमन वाटता."

"चिकूवाला आहे. फोटो दाखवा."

"असा डेटा आम्ही देत नाही. प्रायव्हसी असते ना."

मी नेहमीचं निमित्त काढलं आणि मागच्या बाजूला गेलो. पुढची काच मागे नव्हती. विटा होत्या, गिलावा नव्हता. कॉम्प्युटरच्या लॅबला कुलूप होतं आणि कडीवर कोळ्याने घर केलं होतं. खिडकीतून पाहिलं तर टेबलं होती, त्यांच्यावर प्लास्टिक टाकलेलं होतं. प्लास्टिकवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने बदाम काढला होता. परत येऊन विचारलं तर साहेब म्हणाला, "सुट्टी छे ने अंकल, पोरं घरी गेलीत."

खरंच सुट्टी होती. तेवढ्यावर उठून निघायचं की नाही हे मी ठरवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "चारही वर्षांची एकदम भरलीत तर मी वरून काही टक्के कमी करून आणतो."

आमच्या धंद्यात हीच रीत आहे. मालकाला पैशाची गरज असते. दोन-तीन वर्षांच्या फळाची रक्कम आधी त्याच्या हातात ठेवली की भाव निम्म्यावरही येतो. मी खुर्ची पुढे ओढली. तो आत जायचा, कोणाला तरी विचारून यायचा. मी उठायचो, दारापर्यंत जायचो. मुलगी कारंज्यापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. दुपारचे जेवणाचे डबे येऊन परत गेले, तेव्हा कुठे त्याने हॉस्टेलचं पहिलं वर्षही सोडलं. सही करताना मला वाटलं, ह्या हायवेवर आजवर इतका भाव कोणी पाडला नसेल.

येताना तलासरीच्या नाक्यावर चहाला थांबलो. मुलगी खूश होती. मी तिला हिशोब समजावला. चाळीस हजारांची नोकरी लागली तर तिचा खर्च जाऊन इतके उरतील, म्हणजे इतक्या वर्षांत रक्कम फिटेल. घरी येऊन बायकोला तेच सांगितलं.

"आणि चाळीसची नाही लागली?"

"तीसची लागेल."

"तीसचीही नाही लागली तर?"

"तू शुभ बोलशील का जरा?"

ती भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मी फक्त विचारलं. तुम्ही बागवाल्यांना विचारता तसं."

बँकेचं व्याज मला सहन होत नाही. म्हणून मी बोर्डीची बाग घोलवडच्या एका व्यापाऱ्याला पाच वर्षांच्या ठेक्याने दिली आणि सगळे पैसे आगाऊ घेतले. ज्या बागेत मी फळ मोजलं, त्या बागेच्या फाटकातून पाच वर्षं दुसऱ्याचा टेम्पो बाहेर पडणार होता. ठेकेदार बागेचं काय करतो ते मला माहीत होतं. मीही ते इतरांच्या बागांत केलेलं आहे. पहिल्या वर्षी शेणखत घालतो, कारण त्याचं फळ त्यालाच मिळणार असतं. शेवटच्या दोन वर्षांत झाडाला फक्त ओरबाडतो. पण मी मनाशी म्हटलं, तोवर पोरगी कमावती होईल, खत आपण घालू.

पहिलं वर्ष बरं गेलं. ती सुट्टीत आली की जेवताना इंग्रजीतून फोन करायची, आणि बायको मला गप्प बसायची खूण करायची. दुसऱ्या वर्षी फोनवर नवीन गोष्टी यायला लागल्या. एक सर सोडून गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, तेही दिवाळीपर्यंत गेले. मग वरच्या वर्गातला एक मुलगाच शिकवायला लागला.

"मग तुम्ही काय करता?"

"यूट्यूबवर बघतो, पप्पा. सगळे तेच करतात."

"यूट्यूब इथेही दिसतो."

"झालं तुमचं सुरू."

मी तडक गाडी काढली. काचेच्या इमारतीत आता दुसराच साहेब बसलेला होता, तोही पंचविशीचा, तोच पट्टा. मी आवाज चढवला. उरलेल्या वर्षांची फी परत द्या म्हणालो. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "एकरकमी भरलेली फी परत मिळत नाही, अंकल. तुमची सही आहे."

मी उभ्याने बोलत होतो तेव्हा बाजूच्या खोलीत वाणगावचे एक गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात. ते दर सहामाहीला फी भरायचे आणि ह्या वेळची त्यांनी अडवून धरली होती. त्यांच्यासमोर मोठा साहेब स्वतः येऊन बसला होता. चहा आला, बिस्किटं आली. नवीन प्राध्यापक नेमतो असं त्यांना लेखी मिळालं. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांचे पैसे अजून त्यांच्या खिशात होते, माझे साहेबाच्या खिशात जाऊन वर्ष झालं होतं. मी झाडावरचं फळ घेतो तेव्हा रक्कम देतो, पण त्याच दिवशी बागेत माझा राखणदार बसतो. इथे राखण कसली करायची? फळ कुठल्या फांदीला लागतं हेच मला कोणी दाखवलं नव्हतं.

परतताना बोर्डीच्या बागेवरून आलो. कुंपणाबाहेरूनच पाहिलं. झाडांभोवतीची आळी तणाने भरून आली होती, मागच्या ओळीतल्या चार-सहा झाडांचे शेंडे वाळले होते. ठेकेदाराचा माणूस आतून म्हणाला, "शेठ, आत यायचं तर मालकाला विचारून या." माझ्याच फाटकात. मी त्याला शिव्या घातल्या आणि गाडीत येऊन बसलो.

चौथ्या वर्षी कंपन्या आल्या. मुलीने सांगितलं त्यावरून त्या कॉम्प्युटरच्या नव्हत्याच. एक विमा विकणारी होती, एक घराघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारी. एका कंपनीने तिला पत्र दिलं, मग रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, मग फोन उचलायचं बंद केलं. त्या दिवसांत ती बोलताना मध्येच थांबायची. हॉस्टेलमधल्या मुली एकेक करून घरी गेल्या. हिच्या खोलीत ही एकटी उरली होती. "घरी ये," मी म्हणायचो. "येते," म्हणायची, आणि यायची नाही.

मग एक दिवस तिने आनंदाने फोन केला. नोकरी लागली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, "इथेच. विद्यापीठातच. प्रवेश विभागात."

पगार पंधरा हजार, तोही सहा महिने कच्च्या नेमणुकीवर. माझ्या वखारीत निवड बघणारी बाई ह्याहून जास्त घेऊन जाते. ती शाळेची पायरी चढलेली नाही. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोर घरी बसली नाही ना, मग झालं," ती म्हणाली. मी हिशोब मांडला नाही. माझ्या हयातीत तो जुळणार नव्हता हे न मांडताही दिसत होतं.

तिचं काम काय आहे हे मला कळलं ते माझ्या तोडणीच्या मुकादमाकडून. तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरचा माणूस. बारा वर्षं तो माझ्यासाठी तोडणीला माणसं आणत होता. पैशावरून आमची दर हंगामात भांडणं व्हायची आणि दर हंगामात तो यायचा. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, तो तहसीलदारालाही तू म्हणतो. त्याची थोडी जमीन रस्त्यात गेली होती आणि तिचे पैसे नुकतेच बँकेत आले होते. सकाळी वखारीत आला तो नवा शर्ट घालून.

"शेठ, ताईचा फोन आला होता."

"कुठल्या ताईचा?"

"तुझे पोरीचा. लय गोड बोलते. माझी पोर बारावी झाली ना, तिला कॉम्प्युटरला घेते म्हणाली. होस्टेल, जेवण, सगळा हाय. मी म्हटला, शेठला विचारतो."

त्याला क्रेटवर बसवून मी मागे गेलो आणि मुलीला फोन लावला.

"तू त्याला फोन केलास?"

"पप्पा, डहाणू-तलासरी माझ्या एरियात आहे. मला इथली भाषा येते म्हणून दिलाय. मी सगळ्यांना करते."

"तो माझा माणूस आहे."

"म्हणूनच केला. अनोळखी लोक फोन कापतात."

"तिथे काय शिकवतात ते तुला माहीत आहे."

मागे दुसऱ्या मुलींचे आवाज येत होते, सगळ्या एकदमच कोणाला तरी 'नमस्ते सर', 'केम छो काका' करत होत्या.

"माझी एकच ॲडमिशन राहिलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्या महिन्यात झाली तर कायम करतील. नाही झाली तर बॅग घेऊन घरी येते. मग नातेवाइकांना तुम्हीच सांगा, चार वर्षं कशाला गेली होती."

"अगं, पण त्याचे जमिनीचे पैसे आहेत ते."

"माझ्या फीचे कुठले होते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही त्याला जा म्हणू नका, पप्पा. फक्त नको म्हणू नका. बाकी मी बघते."

मी बाहेर आलो. मुकादम निवडीच्या ढिगातला एक चिकू उचलून बोटांनी दाबून बघत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "नको पाठवूस."

"का?"

"पैसे जातील. तिथे शिकवत नाहीत. नोकरी लागत नाही."

"तुझे पोरीला लागली की."

"पंधरा हजारांची."

"पंधरा कमी हाय? मला मिळतो पंधरा?"

"अरे, तू भरशील किती आणि मिळेल किती, जरा डोकं चालव. त्यापेक्षा तिला इथे जवळच्या कॉलेजात घाल, नर्सिंगला घाल. फी कमी आहे."

त्याने चिकू परत ढिगात ठेवला. जिथून उचलला होता बरोबर तिथेच.

"शेठ, एक सांग. तुझे पोरीने कॉम्प्युटर शिकायचा, खुर्चीवर बसायचा. आन माझे पोरीने पेशंटची घाण काढायची, नाहीतर तुझे वखारीत फळ पुसायचा. असाच ना?"

"अक्कल आहे का तुला? मी तुझ्या भल्याचं सांगतोय!"

मी ओरडलो. फळ निवडणाऱ्या बायका थांबल्या आणि बघायला लागल्या. बारा वर्षांत मी त्याच्यावर शंभरदा ओरडलो असेन आणि तो दरवेळी हसला होता. त्या दिवशी हसला नाही. एक गोष्ट सांगितली असती तर कदाचित त्याला पटलं असतं: त्याच्या फीवर माझ्या मुलीची नोकरी पक्की होणार आहे. ती माझ्या तोंडातून निघाली नाही. तेवढी सोडली तर बाकी सगळं मी खरं बोललो होतो.

"भाव पाडायला तू असाच ओरडतो," तो म्हणाला. "माल चांगला असला का जास्तच ओरडतो." आणि चहा न घेता निघून गेला.

आठवड्याभरात मुलीचा फोन आला. मुकादमाने भरले. चारही वर्षांचे एकदम, कारण शेठनेही तसेच भरले होते असं त्याला कळलं होतं. ती हे सांगताना अडखळली, पण अडखळून पुढे गेली. तिला कायम केलं होतं. बायकोने आळीत पेढे वाटले. मुकादमाची माणसं त्यानंतर माझ्याकडे तोडणीला आली नाहीत, घोलवडच्या ठेकेदाराकडे गेली. माझ्याच बागेत. माझ्यावर विश्वास ठेवायला त्याला बारा वर्षांत हजार कारणं होती. संशय घ्यायला त्याने नेमका तो दिवस निवडला, ह्याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलगी मागच्या महिन्यात चार दिवस घरी आली. अंगावर छान कपडे, गळ्यात पट्टा. तो तिने घरातही काढला नाही. पुढच्या हंगामासाठी तिला बोर्डी, वाणगाव आणि वरोरकडची गावंही दिली आहेत, एक मुलगी हाताखाली दिली आहे, आणि प्रवेशांचा आकडा दुप्पट केला आहे. आकडा नाही गाठला तर काय, असं मी विचारलं. "गाठायचा," ती म्हणाली.

सकाळी ती माझ्याबरोबर वखारीत आली. बोर्डीचे एक बागवाले पैसे न्यायला आले होते. जुने, सरळ माणूस, माझ्याशी घासाघीस करतानाही ओशाळणारे. मी नोटा काढायला आत वळलो तेवढ्यात तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी आणून दिलं.

"काका, घरी सगळे बरे? मुलगी कितवीत आहे आता?"

"दहावीत. हुशार आहे, पण गणितात जरा कच्ची."

"गणिताचं काही नाही हो काका, तिकडे सांभाळून घेतात. नंबर देऊन ठेवा. दोन वर्षांनी मी स्वतः फोन करीन."

त्यांनी लगेच नंबर सांगितला. तिने तो मोबाइलमध्ये टाकला आणि नंबर बरोबर आहे ना बघायला त्यांच्या फोनवर रिंगही दिली. त्यांच्या खिशात फोन वाजला.

"नशीबवान आहात हो," ते मला म्हणाले. "पोर किती पुढे गेली तुमची. आम्हाला जरा सांगा की, कसं काय करायचं असतं हे."

ती माझ्याकडे बघत होती. चेहरा हसरा होता, पण बोटं पट्ट्याला घट्ट धरून होती.

मी पैसे त्यांच्यापुढे ठेवले. "मोजून घ्या," म्हणालो, आणि चहा सांगायला बाहेर गेलो.